गॅदरिंगमधला काळा रंग

डिसेंबर उजाडला की शाळांत गॅदरिंगच्या तालमी सुरू होतात आणि या मासिकाकडे शिक्षकांची पत्रं येऊ लागतात. यंदा त्यांतला मोठा गठ्ठा एकाच तक्रारीचा आहे: 'आदिवासी नृत्य'. चौथी-पाचवीच्या पोरांच्या तोंडाला काळा रंग फासायचा, ओठ पांढरे करायचे, कमरेला पाला, डोक्यात पिसं, हातात पुठ्ठ्याचा भाला आणि 'हू हू' करत उड्या. पाहुणे टाळ्या वाजवतात, पालक मोबाइल उंच धरतात. त्या गर्दीत वीटभट्टीवरून शाळेत येणारी एखादी कातकरी मुलगी बसलेली असली, तर दुसऱ्या दिवसापासून तिला कोणती हाक पडते हे शिक्षकांना सांगायला नको.

पालघरच्या वारली पाड्यावर तारपा वाजतो तेव्हा बायका-पुरुष एकमेकांना धरून वादकाभोवती फेर घेतात. तोंडाला काळं फासायची रीत तिथे नाही, पुठ्ठ्याचे भाले तर नाहीतच. शाळेच्या मंचावर येतं ते जुन्या हिंदी सिनेमातलं जंगल. त्यात आफ्रिका, अंदमान आणि गडचिरोली एकाच डबीतल्या रंगानं रंगवलेली असतात.

तक्रार केली तर मुख्याध्यापक म्हणतात, 'मुलांचा कार्यक्रम आहे, एवढं काय मनावर घेता?' केंद्रप्रमुख विचारतात, 'लेखी काही आलंय का?' लेखीसाठी तक्रारपेटी आहेच. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनानं पेट्या, सीसीटीव्ही आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्यांबद्दल पुन्हा बजावलं. पेट्या लागल्या, फोटो गेले, विषय संपला. पण 'मला काळ्या म्हणतात' अशी चिठ्ठी दुसरीतलं पोर त्या पेटीत टाकेल, ही अपेक्षा कार्यालयात बसूनच करता येते. शिवाय ती हाक पुष्कळदा गुरुजींनीच पाडलेली असते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई करतं. छडी बरीचशी गेली, टोपणनावं मात्र राहिली.

खरी गंमत वर्णनात्मक नोंदींची आहे. आकारिक मूल्यमापनाच्या वहीत 'सुधारणा आवश्यक' असा सोन्यासारखा रकाना आहे. तो भरतात कसा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तयार नोंदींची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते, त्यातली वाक्यं हजेरीच्या क्रमानं उतरवली जातात. मग वर्षभर एखाद्याला रंगावरून छळणाऱ्याच्या नावापुढे 'सर्वांशी मिळूनमिसळून वागतो' असं येतं आणि ज्याला छळलं त्याच्या नावापुढे 'वर्गात बोलत नाही, सहभाग वाढवावा'. तपासणीला आलेले साहेब रकाना रिकामा नाही ना, एवढं पाहून सही करतात. छळणारा उत्तीर्ण, आणि सुधारणा हवी ती छळ सोसणाऱ्यात!

छळणारी पोरं अशीच मोठी होतात. २९ जानेवारी २०१४ रोजी दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचलच्या निदो तानिया या विद्यार्थ्याला त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून हिणवलं गेलं. वाद झाला, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो दगावला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीनं कायदा कडक करायला सांगितलंच, पण ईशान्य भारताची ओळख शालेय अभ्यासक्रमातून द्या, असंही सांगितलं. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, मुंबईच्या कालिन्यात मणिपूरच्या एका तरुणीवर दुचाकीवरचा माणूस थुंकून गेला. हिणवणारी, थुंकणारी ही माणसंही कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हजेरीपटावर होतीच.

पुस्तकांचं काय सांगावं! २०२० मध्येच पश्चिम बंगालमधल्या बर्दवानच्या एका शाळेत शिशुवर्गाच्या इंग्रजी मुळाक्षरांत 'अग्ली' म्हणजे 'कुरूप' या शब्दासाठी काळ्या माणसाचं चित्र होतं. दोन शिक्षिका निलंबित झाल्या. महाराष्ट्रानं हसू नये. मुलगी कुरूप वा अपंग असली की लग्न जमायला अडचण येते आणि वरपक्ष जास्त हुंडा मागतो, असं आपल्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात छापलेलं होतं. २०१७ साली त्यावर ओरड झाली. तोवर ते पान किती वर्गांत मुकाट्यानं वाचून घेतलं गेलं असेल!

'मुलांना हे कळत नाही, आपण बोलून उगाच डोक्यात कशाला घाला' हा युक्तिवाद शिक्षक-कक्षात नेहमीचा. तीन महिन्यांचं बाळसुद्धा आपल्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ पाहतं, हे संशोधनातून दिसलेलं आहे. फरक मुलांना दिसतोच. त्याचा अर्थ काय लावायचा हे ती घरी, गल्लीत आणि शाळेच्या मंचावर शिकतात. परिपाठात 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' म्हणून घेतलं म्हणजे काम झालं, असं नाही. नागरिकशास्त्रात कलम १५ मधला 'वंश' पाठ करून घेणाऱ्यांनी त्याचं एक तरी उदाहरण वर्गात दिलं आहे का?

बोलायचं ते त्याच तासाला. 'रंगावरून हाक मारलीस, हे या वर्गात चालणार नाही', एवढं सरळ वाक्य पुरे. ज्याला हिणवलं त्याला उदाहरण म्हणून उभं करू नये. त्याच्याशी नंतर, एकट्याशी बोलावं. माफी मागवून हस्तांदोलनाचा सोहळा तर नकोच. मोठ्या मुलांपुढे वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीची गोष्ट ठेवावी. आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना आपल्याला 'काळू' म्हणत, ती हाक हिणवणारी होती हे आपल्याला फार उशिरा कळलं, असं त्यानं २०२० मध्ये जाहीर सांगितलं. क्रिकेटवेडी पोरं यावर तासभर भांडतील, भांडू द्यावीत. इतिहासाच्या तासाला मलिक अंबर आहेच. ॲबिसिनियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, खडकी वसवली, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. त्याचं चित्र फळ्यावर लावा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.

आता काम मुख्याध्यापकांचं. कार्यक्रमाच्या यादीवर सही करण्याआधी नाच पाहा आणि बिलातली काळ्या रंगाची डबी काढा. आदिवासी नृत्यच बसवायचं असेल तर डहाणू-जव्हारकडच्या शिक्षक मित्रांना बोलवा, ते फेर शिकवतील. ज्यांनी यंदा नाच बदलला त्यांनी दहा-पंधरा ओळींत कळवावं. ज्यांनी बदलला नाही त्यांनीही आपलं कारण लिहावं. दोन्ही छापू, शाळेच्या नावाशिवाय.