बाळंतपणाची जागा आधी ठरवा

आपला शेतकरी बैल घेण्यास निघाला म्हणजे चार बाजार पालथे घालतो. दात पाहतो, खूर पाहतो, औताला जुंपून चालवून पाहतो आणि मगच इसाराचे पैसे हातावर ठेवतो. आपला सुतार लाकूड वाजवून पाहिल्याशिवाय त्यास वाकस लावीत नाही. कुंभार माती चोळून पाहिल्याशिवाय चाकावर घालीत नाही. इतकी पारख ज्या लोकांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, त्यांच्याच घरी लेक किंवा सून बाळंत व्हावयाची असली म्हणजे ती कोठे व्हावी, हा विचार मात्र कळा लागल्यावर, रात्री दोन वाजता सुरू होतो! त्या घटकेस विचार करणारा कोण? तर ज्याची गाडी मिळाली तो गाडीवाला. तो ज्या दारी उतरवील ते आपले इस्पितळ. त्या दारी त्याला काही कट मिळतो की काय, हे विचारण्याची शुद्ध त्या वेळी कोणास असते?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. बाळंतपणाची जागा सातव्या महिन्याच्या आत ठरवावी. ठरविलेली जागा पटेनाशी झाली तर ती बदलण्यास मुळीच संकोच करू नये. परंतु हा बदल दिवसाउजेडी, कागद हाती घेऊन, नववा महिना लागण्यापूर्वी करावा. जो बदल आठव्या महिन्यात शहाणपणाचा, तोच कळा सुरू झाल्यावर प्राणाशी गाठ घालणारा होतो.

हा बायकांचा विषय, वर्तमानपत्राच्या अग्रलेखात कशाला, असे म्हणणारे पुरुष भेटतील. त्यांस आम्ही स्मरण देतो की, १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या विधवांना बाळंत होण्यास जगात कोठेही जागा नव्हती, त्यांना निर्धास्त जागा मिळावी एवढाच त्याचा हेतू होता. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. सुतार जातीत जन्मलेल्या रखमाबाई विलायतेस जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथील बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी आपली हयात वेचली. बाईने कोठे व कोणाच्या हाती बाळंत व्हावे हा प्रश्न ज्यांना इतका मोठा वाटला, त्यांचे नाव घेणाऱ्यांनी तो माजघरात ढकलून देणे शोभत नाही.

आता कोणत्या दारी काय मिळते ते पाहू. मैदानी मुलखात सुमारे ३० हजार वस्तीस आणि डोंगरी व आदिवासी मुलखात २० हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी हिशेब आहे. तेथे डॉक्टर व नर्सबाई असतात आणि साधे, अडचण नसलेले बाळंतपण तेथे चांगले होऊ शकते. मात्र पोट उघडण्याची शस्त्रक्रिया तेथे होत नाही व रक्तही मिळत नाही. त्यावर ग्रामीण रुग्णालय, त्यावर उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी जिल्ह्याचे सिव्हिल. ग्रामीण रुग्णालयाची पाटी मोठी असली तरी पाटी वाचून काही कळत नाही. तेथे बायकांच्या आजारांचा डॉक्टर आहे काय, भूल देणारा डॉक्टर आहे काय, आणि रक्ताची सोय आहे काय, ही तीन माणसे-वस्तू एकत्र असतील तरच तेथे सिझर होऊ शकते. तिन्हींपैकी एक नसेल तर उरलेल्या दोहोंचा त्या रात्री उपयोग नाही. खाजगी नर्सिंग होमची गोष्टही हीच. पुष्कळ ठिकाणी भूल देणारा डॉक्टर बाहेरून बोलवावा लागतो आणि रक्त तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाहून आणावे लागते. दिवाणखान्यातील फरशी गुळगुळीत असली म्हणजे रक्ताची पिशवी कपाटात असतेच असे नाही.

हे सर्व कशासाठी विचारावयाचे? तर बाळंतिणीचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे बाळ झाल्यानंतरचा रक्तस्राव. तो जोराचा असला तर धडधाकट बाई दोन तासांत हातची जाते. अंगात मुळात रक्त कमी असलेल्या बाईस तेवढाही अवधी मिळत नाही. २०१८ ते २०२० या काळात आपल्या देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. देशाच्या मानाने आपण बरे, हे खरे. पण ज्या घरची बाई गेली त्या घराला सरासरीने काय दिलासा मिळणार? आम्ही शाळामास्तर आहोत. आई नसलेले पोर वर्गात कोणत्या कोपऱ्यात बसते, हे आम्हांस हजेरीपट न पाहता सांगता येते.

म्हणून प्रत्येक घराने आधी हे ओळखावे की आपली बाई कोणत्या गटातली. पहिले सिझर झालेले आहे. पोटी जुळे आहे. मूल आडवे किंवा पायाळू आहे. रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक आहे. अंगावर सूज येऊन डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हिमोग्लोबिन ७ च्या खाली आहे. रक्तगट निगेटिव्ह आहे. मागच्या खेपेस फार रक्त गेले होते किंवा मूल दगावले होते. यांतले एकही लक्षण असेल तर जेथे शस्त्रक्रिया व रक्त दोन्ही आहेत अशीच जागा धरावी, मग ती लांब का असेना. यांतले काहीही नसेल तर जवळचे केंद्र चांगले. मात्र रात्री-अपरात्री तेथे नर्सबाई हजर असते की दाराला कुलूप असते, हे आशाताईस आधीच विचारून ठेवावे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून हा क्रम चालू आहे. गट ओळखण्यास हा दिवस सर्वांत सोयीचा.

येथे आम्ही एका जुन्या रिवाजाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. आपल्यात पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरावयाची आणि लेकीस घेऊन यावयाचे. रिवाज प्रेमाचा आहे. लेकीला आईचा हात हवा असतो, त्यास आमचा विरोध नाही. परंतु या रिवाजाने आपण नकळत दवाखानाच बदलतो, हे किती जणांच्या ध्यानी येते? सहा महिने ज्या नर्सबाईने तपासले ती सासरी राहते. ज्या डॉक्टरापुढे बाई आयत्या वेळी जाते तो तिला प्रथमच पाहत असतो. आमच्याकडे गावचे लोक दवाखान्याचे कागद वाचून घेण्यास येतात. अशाच एका घरी आम्ही पाहिले की, सासरच्या उपकेंद्रात कार्डावर तीनदा रक्त फार कमी असल्याचे लिहिले होते. ओटीबरोबर पाच फळे आली, दोन लुगडी आली, आणि कार्ड मात्र सासरी पेटीत राहिले. माहेरच्यांनी जवळच्या एका लहान नर्सिंग होममध्ये नेले. बाळ झाले, रक्त थांबेना, आणि तेथे रक्त नव्हते. तेथून जिल्ह्यास नेले. बाई वाचली, पण महिनाभर उठू शकली नाही, आणि अंगावरचा डाग गेला तो परत आला नाही. कार्ड बरोबर असते तर पहिल्याच दिवशी कोणीही शहाण्या डॉक्टराने तिला मोठ्या दवाखान्याची वाट दाखविली असती.

म्हणून ओटीत पहिली वस्तू ठेवावयाची ती माता व बाल संरक्षण कार्ड. त्याबरोबर सोनोग्राफीचे व रक्ताचे सारे कागद. माहेरी आल्यावर आठ दिवसांच्या आत तेथील आशाताईकडे नाव सांगावे व एकदा तपासून घ्यावे. ऊसतोडीस परमुलखात जाणाऱ्या आमच्या बहिणींनी तर हे कार्ड पैशांप्रमाणे जपावे. बाई बीडची असो वा जालन्याची, कोल्हापूर-सांगलीच्या सरकारी दवाखान्याने तिला 'तू आमच्या हद्दीतली नव्हेस' म्हणून परत पाठविता कामा नये.

आता खाजगी की सरकारी, हा वाद. दोहोंतही भली माणसे आहेत व दोहोंतही दुसऱ्या प्रकारची आहेत. परंतु एक आकडा वाचकांनी ध्यानी ठेवावा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, देशातील सरकारी दवाखान्यांत शंभर बाळंतपणांपैकी सुमारे १४ सिझरने झाली, तर खाजगी दवाखान्यांत सुमारे ४७. आडलेल्या बाया सरकारीतून खाजगीत जातात तशाच खाजगीतून सरकारीतही येतात. तेव्हा एवढा मोठा फरक बाईच्या पोटामुळेच पडतो, हे आमच्या गळी उतरत नाही. सिझर वाईट नव्हे. वेळेवर झालेल्या सिझरने लाखो माता व बाळे वाचली आहेत. पण ते का करावयाचे, हे विचारण्याचा हक्क घरच्यांस आहे आणि सर्वांत आधी त्या बाईस आहे.

आणि येथे आमच्याच लोकांचे कान उपटणे भाग आहे. काही शिकलेल्या घरांत आता जोशीबुवाकडून मुहूर्त काढून, त्या घटकेस सिझर करावयास डॉक्टरास सांगण्याची टूम निघाली आहे! पूर्वी भटजी लग्नाचा मुहूर्त सांगून दक्षिणा घेई. आता मूल पोटातून केव्हा काढावे तेही तोच सांगणार, आणि सुरी चालणार ती सुनेच्या अंगावर. दिवस पुरे भरण्याआधी उगाच काढलेल्या मुलास श्वासाचा त्रास होण्याची भीती अधिक असते, हे कोणतीही पत्रिका सांगत नाही. हा प्रकार सत्यशोधकांच्या महाराष्ट्रात तरी बंद पडावा.

पैशाचा विचार करू. १ जून २०११ पासून देशात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू आहे. त्यानुसार सरकारी दवाखान्यात साधे बाळंतपण व सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, साध्या बाळंतपणात ३ दिवस व सिझरमध्ये ७ दिवस जेवण, आणण्याची, वरच्या दवाखान्यात नेण्याची व घरी पोहोचविण्याची गाडी, हे सर्व मोफत आहे. ही भीक नव्हे. आपल्याच घामाच्या करातून हे चालते. तेव्हा 'मुलगा झाला, पेढ्यांचे द्या' म्हणून कोणी हात पुढे केला तर तो हात मागे घ्यावयास लावावा. खाजगी दवाखान्यांनीही दर व रुग्णांचे हक्क भिंतीवर लावावेत, असा महाराष्ट्राचा नियम २०२१ पासून आहे. भिंतीवर काही दिसत नसेल तर विचारावे. साध्या बाळंतपणाचे किती, सिझरचे किती, बाळास काचेत ठेवावे लागले तर दिवसाचे किती, हे तीन आकडे आधी लिहून घ्यावेत. जो आकडा सांगण्यास कचरतो, त्याचे बिल पाहून आपल्याला जमीन गहाण टाकावी लागते.

दवाखाना केव्हा बदलावा? रात्री कोण असते हे जेथे सांगत नाहीत. जेथे प्रश्न विचारला की हिडिसफिडिस करतात. जेथे जात पाहून बोलण्याचा सूर बदलतो. जेथे आपल्या बाईला लागणारी सोय नाही. तेथून खुशाल निघावे. डॉक्टर रागावेल याची भीड बाळगू नये. आपले कागद मागावेत. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत, असा २००२ चा वैद्यक परिषदेचा नियम आहे. मात्र शेजारणीच्या एका शब्दावरून दर महिन्यास दार बदलणे हेही बरे नव्हे. त्यात तपासणीचा धागा तुटतो. आणि कळा लागल्यावर डॉक्टरानेच वरच्या दवाखान्यात नेण्यास सांगितले तर घटकाभरही वाद न घालता चिठ्ठी घ्यावी, तेथे आधी फोन करावयास लावावा, १०८ किंवा १०२ ची गाडी बोलवावी आणि निघावे.

या साऱ्यात एक माणूस विसरले जाते, ते म्हणजे बाळंत होणारी बाई. सासू बोलते, आई बोलते, दीर बोलतो, गाडीवालासुद्धा बोलतो. तिला कोणी विचारीत नाही. तिला कोणत्या नर्सबाईचा धीर वाटतो, कोठे तिला मारल्या-रागावल्याची आठवण आहे, कळांच्या वेळी जवळ कोण हवे, हे तिलाच ठाऊक. सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी ओळखीची एक बाई जवळ राहू देण्यास २०१६ सालीच केंद्र सरकारने मुभा दिली आहे. ती बाई कोण, हे तिने निवडावे. आणि बाळ झाले की सहा तासांत घरी आणण्याची घाई करू नये. दोन दिवस तेथेच राहावे, कारण धोका याच दोन दिवसांत अधिक.

शेवटी गावकऱ्यांस एक विनंती. येत्या ग्रामसभेत गटारीचा व रस्त्याचा विषय झाल्यावर एक प्रश्न उभे राहून विचारा: आपल्या केंद्रात रात्री नर्सबाई राहते काय, आणि राहत नसेल तर का नाही? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या सभेस तोच प्रश्न पुन्हा विचारा. आणि ज्या घरी आज पाचवा-सहावा महिना चालू आहे, त्या घरच्या कर्त्या माणसाने हा अंक बाजूस ठेवून आजच सुनेजवळ बसावे, तिचे कार्ड उघडावे आणि ते तिच्याकडून वाचून घ्यावे.