टाकीचे झाकण कोणाच्या ताब्यात?

जुलै २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्ती तालुक्यात हुलीकट्टी या गावी सरकारी प्राथमिक शाळेची डझनभर मुले शाळेच्या टाकीचे पाणी पिऊन आजारी पडली. टाकीत कीटकनाशक मिसळले गेले होते. सुदैवाने एकही मूल दगावले नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला कर्नाटक पोलिसांनी तिघांना अटक केली, त्यात श्रीराम सेनेचा तालुकाध्यक्ष होता. पोलिसांचे म्हणणे असे की, त्या शाळेत तेरा वर्षे काम करणारे मुख्याध्यापक मुसलमान असल्याने या मंडळींना खुपत होते. शाळेत विषबाधा झाली की मुख्याध्यापकांकडे बोट जाईल आणि त्यांची बदली होईल, असा हा हिशेब! आणि टाकीत विष ओतायला कोणाला लावले? शाळेतल्याच एका पोराला, खाऊ आणि पाचशे रुपये देऊन. आरोप सिद्ध होतात की नाही हे न्यायालय ठरवील. परंतु मुलांच्या पोटात विष गेले, ही गोष्ट निकालाची वाट पाहत नाही.

त्या वर्षावासात आमच्या कुळगावच्या विहारात ग्रंथवाचन संपल्यावर कोणीतरी ही बातमी वाचून दाखवली. थोडा वेळ सगळे गप्प होते. मग मागे बसलेल्या एका आजीने विचारले, "वकीलसाहेब, आपल्या पोरांच्या शाळेची टाकी कधी कोणी बघितली का?" मी वीस वर्षे कोर्टात उलटतपासण्या घेतो, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या शनिवारी आम्ही चार जण मुलांच्या शाळेत गेलो. गच्चीच्या दाराला कडी होती, कुलूप नव्हते. काळी प्लास्टिकची टाकी, तिचे झाकण तडकलेले आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक वीट ठेवलेली. कुलपाचे विचारले तर बाई भाबडेपणाने म्हणाल्या, "वर चोरी होण्यासारखे आहे काय?"

बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. आपली सगळी राखण चोरासाठी असते. चोर काहीतरी घेऊन जातो. विष घालणारा काहीतरी ठेवून जातो, आणि त्याच्यासाठी आपण पहारा ठेवलेलाच नाही. रेशनच्या गोदामाला कुलूप असते कारण धान्याला बाजारभाव आहे. पाण्याच्या टाकीला, खिचडीच्या पातेल्याला बाजारभाव नाही, म्हणून ती उघडी.

अन्नात आणि पाण्यात जाणूनबुजून घाण किंवा विष मिसळणे हा विषय अमेरिकेने फार गांभीर्याने घेतला. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये नियम केला की, मोठ्या कारखान्यांनी अशा घातपातापासून बचावाची लेखी योजना तयार ठेवावी. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर मुख्यतः तीन प्रश्न विचारायचे. इथे विष पडले तर किती लोकांना बाधा होईल? इथपर्यंत हात पोहोचणे किती सोपे आहे? आणि घातलेले विष न कळता मिसळून जाईल का? पातळ पदार्थ साठवण्याची आणि ढवळण्याची जागा सर्वांत धोक्याची, असे तो नियम मानतो. हे तीन प्रश्न आमच्या त्या गच्चीवर विचारून पाहा. किती मुले? सगळी शाळा. हात पोहोचतो का? वीट उचलली की झाले. मिसळेल का? पाणीच ते!

अमेरिकेला ही अक्कल ज्या प्रकरणांतून आली, त्यातले एक आपल्या महाराष्ट्रातूनच तिकडे गेले होते. पुण्याच्या कोरेगाव पार्कातला रजनीशांचा पसारा १९८१ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात हलला. तिथल्या वास्को काउंटीची निवडणूक १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये होती. विरोधातले मतदार त्या दिवशी आजारी पडून घरीच राहावेत, म्हणून रंगीत तालीम करावी तसे संप्रदायातील काही वरिष्ठांनी द डॅलस या गावच्या दहा हॉटेलांतील सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले. ७५१ माणसे आजारी पडली. सरकारी तज्ज्ञांनी आधी काय निष्कर्ष काढला? हॉटेलातील नोकरांच्या हातांची अस्वच्छता! म्हणजे घातपात बड्यांचा आणि बोट मात्र वाढप्याकडे. पुढच्या वर्षी संप्रदायातच फूट पडली तेव्हा खरे बाहेर आले. आपल्या शाळेत खिचडीतून विषबाधा झाली की पहिल्या तासात स्वयंपाकीण बाईलाच का धरतात, हे वाचकांच्या लक्षात आले असेल.

या ठिकाणी कोणी म्हणेल, हे सर्वांचेच प्रश्न, यात जात कुठे आली? तर तिचा इतिहास आपल्या कोकणातच आहे. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याली. पाण्यात त्यांनी काहीही टाकले नव्हते, फक्त ओंजळ बुडवली होती. त्यानंतर सनातन्यांनी 'शुद्धीकरण' केले ते कसे? शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेली १०८ मडकी मंत्र म्हणत तळ्यात बुडवून! आता आरोग्य खात्याच्या कोणत्याही निरीक्षकाला विचारा की पिण्याच्या पाण्यात शेण आणि मूत्र घालणे याला काय म्हणतात. माणसाच्या स्पर्शाला विटाळ म्हणायचे आणि प्रत्यक्ष घाणीला पावित्र्य, ही ती उलटी नजर. तळ्यावरचा आपला हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करायला १७ मार्च १९३७ उजाडला. पूर्ण दहा वर्षे.

ती नजर गेली का? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांग येथील शाळेत दलित भोजनमातेने रांधलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले, तेव्हा त्या अन्नात दोष कोणता होता? आणि बरोबर एका वर्षाने, डिसेंबर २०२२ मध्ये, तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातील वेंगैवयल गावी दलित वस्तीची मुले आजारी पडू लागली. डॉक्टरांनी पाण्याचा संशय घेतला. तरुण टाकीवर चढून पाहतात तो पाण्यात मानवी विष्ठा! दहा हजार लिटरची ती टाकी फक्त दलित वस्तीला पाणी देणारी होती. चौकशीसाठी जिल्हाधिकारी आल्या तेव्हा गावात देवळात प्रवेशबंदी आणि चहाच्या टपरीवर वेगळा पेला हेही उघडे पडले. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने एक सदस्यीय आयोग नेमला. आणि शेवट काय? जानेवारी २०२५ मध्ये सीबी-सीआयडीने दोषारोपपत्र ठेवले ते त्याच वस्तीतील तीन दलित तरुणांवर! वस्तीने ते साफ नाकारले आणि सीबीआय तपासाची मागणी केली. आरोपीच अनुसूचित जातीचे दाखवल्यामुळे अ‍ॅट्रॉसिटीचा प्रश्न उरला नाही आणि खटला विशेष न्यायालयातून साध्या दंडाधिकाऱ्याकडे गेला. त्या तरुणांनी खरेच काही केले की नाही हे मी इथे बसून सांगणार नाही. मात्र दोन वर्षांनी, पुरावा वाहून गेल्यावर, ज्यांनी पाणी प्यायले त्यांच्याच दारात तपास येऊन थांबतो, याचा अर्थ चळवळीच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता कायद्याचे पाहू. बहुतेकांना वाटते की अन्नभेसळीचा कायदा कडक आहे, त्यात जन्मठेप आहे. आहे, पण कोणासाठी? अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चे कलम ५९ असुरक्षित अन्न बनवणाऱ्याला, साठवणाऱ्याला, विकणाऱ्याला किंवा वाटणाऱ्याला लागते. मृत्यू झाला तर किमान सात वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा, दहा लाखांहून कमी नाही इतका दंड. पण रात्री गच्चीवर चढून टाकीत बाटली ओतणारा माणूस ना उत्पादक, ना दुकानदार. शिवाय त्या कायद्याच्या व्याख्येत बाटलीबंद पाणी अन्न आहे, स्वयंपाकात घातलेले पाणी अन्न आहे. नळाचे नुसते पिण्याचे पाणी त्यात बसवणे अवघड. म्हणजे त्याच टाकीच्या पाण्याने खिचडी शिजली तर एक कायदा आणि पोराने पेला भरून प्यायले तर दुसरा.

तो दुसरा कायदा म्हणजे भारतीय न्याय संहिता. तिच्या कलम २७९ खाली सार्वजनिक पाणी घाण करणाऱ्याला जास्तीत जास्त सहा महिने आणि पाच हजार रुपये दंड. जुन्या दंड संहितेत कलम २७७ खाली तीन महिने आणि पाचशे रुपये होता. दीडशे वर्षांनी एवढी प्रगती झाली! त्याच संहितेचे कलम १२३ विष देऊन इजा करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. आणि आपल्यासाठी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(एक्स) आहे, जे या समाजघटकांच्या नेहमीच्या वापराचे पाणी दूषित करण्यासाठीच लिहिलेले आहे. सहा महिने ते पाच वर्षे. आरोपीची फिर्यादीच्या कुटुंबाशी ओळख असेल तर त्याला जात ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरते, उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. २०१६ च्या नियमांत या गुन्ह्यासाठी पाणी स्वच्छ करून पूर्ववत करण्याचा सगळा खर्च सरकारने करायचा आणि वर सव्वाआठ लाख रुपये जिल्हाधिकाऱ्याकडे वस्तीच्या सामूहिक सोयीसाठी जमा करायचे, अशी तरतूद आहे. किती कार्यकर्त्यांनी ही तरतूद वाचली आहे? मी स्वतः कित्येक वर्षे ती ओलांडून पुढे गेलो होतो.

यातला कोणता दरवाजा उघडणार हे ठाणे अंमलदाराच्या लेखणीवर असते. "पाणी खराब झाल्याने मुलांना उलट्या" एवढेच लिहिले की प्रकरण २७९ मध्ये संपले. आणि लिहायलाही ते तयार असतील तर! ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या बदलापुरात दोन लहान मुलींवर शाळेत अत्याचार झाला तेव्हा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना तासन्‌तास ताटकळत बसावे लागले होते. मग लोक रेल्वे रुळांवर उतरले. विषबाधेत तेवढे तास मिळत नाहीत. तेवढ्यात टाकी धुतली जाते. शाळेची बदनामी नको म्हणून चांगल्या हेतूनेही धुतात, आणि त्या पाण्याबरोबर पुरावा गटारात जातो.

म्हणून मुले आजारी पडताच दवाखान्याइतकीच घाई नमुन्याची करा. स्वच्छ बाटल्यांत टाकीचे, नळाचे पाणी आणि उरलेले अन्न वेगवेगळे, पंचांसमक्ष सीलबंद करा. उलटीचा नमुना डॉक्टरांकडून राखून घ्या आणि केसपेपरवर 'विषबाधेचा संशय' हे शब्द लिहून घ्या. टाकी रिकामी करू देऊ नका, फक्त नळ बंद करा. फिर्यादीत वस्ती कोणाची, पाणी कोण वापरते, आधी वाद कोणाशी, हे पहिल्याच दिवशी आले पाहिजे. नंतरचा पुरवणी जबाब बचावाचा वकील कसा फाडतो ते मी रोज पाहतो. विकत घेतलेल्या अन्नाचा संशय असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकही फी भरून विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो.

मात्र दरवेळी घातपातच असतो असे धरून चालू नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या गंडामन गावात शाळेचे जेवण जेवून २३ मुले मेली, तेव्हाही कटाची आवई उठली होती. कीटकनाशक पोटात गेले होते ते स्वयंपाकाच्या तेलातून. त्या मुख्याध्यापिकेला २०१६ मध्ये शिक्षा झाली ती खुनासाठी नव्हे, तर सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यासाठी. तर जून २०१८ मध्ये खालापूरच्या महड गावी वास्तुशांतीच्या जेवणात कालवलेले कीटकनाशक हे घरगुती रागातून होते, त्यात लहान मुलांचा बळी गेला. हेतू तिन्ही ठिकाणी वेगळा, वस्तू एकच. कृषी सेवा केंद्रात कोणालाही मिळणारी बाटली.

आणि नफ्यासाठी घातलेले विष? ते तर आमच्या दारातून वाहते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत रात्री रसायन ओतले गेले आणि काठच्या झोपड्यांतील शेकडो माणसे उलट्या करीत, गुदमरत रुग्णालयात गेली. टँकरचा कॉक उघडणाऱ्याला खाली काय आहे हे ठाऊक नव्हते काय? नदीकाठी वस्ती आहे हे त्याला पक्के माहीत असते. तिथे राहणाऱ्यांची ओरड मंत्रालयापर्यंत जात नाही हेही माहीत असते. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावर 'वनशक्ती' संस्था हरित लवादात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात लढली, पण अशा खटल्यांत अर्जदारांच्या यादीत वालधुनीकाठची आपली माणसे किती असतात? बदलापूरकर पितात ते पाणीही उल्हास नदीचेच आहे.

त्या शनिवारनंतर आम्ही शाळेला लेखी अर्ज दिला. टाकीला बिजागरीचे झाकण आणि कुलूप, गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ल्या दोन, एक मुख्याध्यापिकेकडे आणि दुसरी पालकांच्या समितीकडे. टाकी उघडली की वहीत तारीख, वेळ, सही. महिन्याभरात कुलूप लागले, दोनशे चाळीस रुपयांचे, तेही वर्गणीतून. दुसऱ्या किल्लीवरून मात्र समितीत वाद झाला. ती बौद्धवाड्यातल्या एका आईकडे द्यावी असे आम्ही सुचवले, तर एक सदस्य म्हणाले, "पाण्याचे काम आहे, जरा विचार करू." ते विचार अजून करीत आहेत. पुढची बैठक येत्या महिन्यात आहे आणि त्या आजींनी आपण येणार असल्याचे कळवले आहे.