अविनाश साबळेचा रेकॉर्ड पायांचा की बुटांचा?

लिंबागणेश असो नाहीतर आष्टी, बीड जिल्ह्यात भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. धावण्याचा विषय निघाला की आपल्याकडं एक नाव हमखास येतं, अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा गडी ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीतला राष्ट्रीय विक्रमवीर.

पण नवा रेकॉर्ड झाला की एक वाद ठरलेलाच. "आताचे बूट आणि ट्रॅक मिळाले असते, तर जुन्यांनी काय केलं असतं!"

यात तथ्य किती? आकडेच बघू.

२१ सेकंदांचा हिशोब

१९८१ मध्ये गोपाल सैनी यांनी टोकियोत ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांची वेळ दिली. हा विक्रम ३७ वर्षं टिकला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळेनं तो मोडला, वेळ ८ मिनिटं २९.८० सेकंद. मग स्वतःचेच विक्रम मोडत २०२४ च्या पॅरिस डायमंड लीगमध्ये तो ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांवर आला. सैनींपेक्षा जवळपास २१ सेकंद कमी.

सगळं श्रेय साबळेचं?

नाही. उसळी देणारा फोम आणि कडक प्लेट असलेले स्पाइक्स २०२० च्या आसपास सर्रास आले. साबळेला सैन्यदलाचं पाठबळ मिळालं, अमेरिकेत सराव करता आला. डायमंड लीगमध्ये सुरुवातीला वेग ठरवून देणारे पेसमेकरही असतात.

मग बुटांचाच खेळ म्हणायचा?

तसंही नाही. एक तर सैनींचा विक्रम मोडला तो २०१८ मध्ये, म्हणजे या बुटांची लाट येण्याआधी.

दुसरं, सुविधा सुधारल्या त्या सगळ्या जगासाठी. म्हणून प्रत्येक खेळाडू त्याच्या काळातल्या जागतिक विक्रमापासून किती लांब होता, ते बघायचं. १९८१ मध्ये जागतिक विक्रम हेन्री रोनोचा होता, ८:०५.४. सैनी साधारण साडेपंचवीस सेकंद मागं होते. आज तो लामेचा गिर्माचा आहे, ७:५२.११. साबळे पावणेअठरा ते अठरा सेकंद मागं आहे.

म्हणजे २१ पैकी सुमारे १३ सेकंद जग पुढं गेलं. उरलेल्या साडेसात सेकंदांना बूट हे उत्तर पुरत नाही. तेवढं अंतर साबळेनं जगाच्या तुलनेत कापलंय.

तिसरं, पदक. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेनं रौप्य जिंकलं. सुवर्ण हुकलं फक्त ०.०५ सेकंदानं. १९९८ पासून या शर्यतीतली सगळी पदकं केनियाच नेत होता. त्या दिवशी ट्रॅक सगळ्यांना एकच होता आणि बुटांचे नियमही तेच.

मग सैनी छोटे ठरतात का?

उलट मोठे ठरतात. मधल्या ३७ वर्षांत ट्रॅक सुधारले, बूट सुधारले, तरी त्यांची वेळ कुणाला गाठता आली नाही. नुसत्या सुविधांनी रेकॉर्ड तुटत असते, तर हा कधीच तुटला असता.

हे गावाकडच्या पोरांनाही लागू होतं. मुरमाच्या रस्त्यावर काढलेले १६०० मीटर आणि सिंथेटिक ट्रॅकवरचे १६०० मीटर घड्याळात सारखे दिसतात, पण सारखे नसतात. त्यामुळं कुणाची वेळ कमी आली की आधी विचारा, कुठं पळाला आणि कुणासोबत पळाला? श्रेय किती द्यायचं, ते त्यावरून ठरवा.