दगडखाणीचे उद्यान आणि ‘सार्वजनिक’ हा शब्द

डोंगर फुटतो, खडी रस्त्यांवर व बांधकामांवर जाते, खाणीचा ठेका संपतो आणि गावाच्या वाट्याला खड्डा उरतो. पावसाळ्यात त्यात पाणी साचते. गुरे व लेकरे त्यात बुडण्याचे भय कायम राहते. अशा सोडून दिलेल्या दगडखाणींची निसर्ग-उद्याने व्हावीत, या विचाराचे आम्ही स्वागत करतो. मात्र ‘सार्वजनिक उद्यान’ म्हणताना त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ आधी निश्चित झाला पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्याला या शब्दाचा कटू अनुभव आहे. सार्वजनिक हिताच्या नावाने उभ्या राहिलेल्या सरदार सरोवराच्या बुडिताचा महाराष्ट्रातील पहिला घाव नर्मदाकाठच्या मणिबेलीने सोसला. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये, असे सांगणारा १९९४ चा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा याच आदिवासी गावाच्या नावाने ओळखला जातो. ज्यांनी जमीन दिली, त्यांचा त्या ‘सर्वजनां’त समावेश होता काय, हा प्रश्न मणिबेलीने जगापुढे ठेवला.

या शब्दाचा दुसराही इतिहास आहे, आणि तो आमच्या अभिमानाचा आहे. कोल्हापूरचा रंकाळा ही मुळात दगडाची खाण होती, असे परंपरा सांगते. आज त्याच्या काठी सारे शहर विसावते. त्याच करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. पाणी होते, ठराव होता, प्रवेश नव्हता. मालकी सरकारी असल्याने जागा सार्वजनिक होत नाही, ती शेवटच्या माणसाच्या प्रवेशाने होते, हा महाडचा धडा आहे.

म्हणून खाणीच्या उद्यानाचा निर्णय ग्रामसभेत व्हावा. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा परवाना देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस १९९६ च्या पेसा कायद्याने आवश्यक ठरवली आहे. खाण सुरू करताना गावाला विचारायचे आणि उद्यान करताना विसरायचे, हे न्याय्य नाही. गावकऱ्यांना तिकीट नसावे. राखणीचे व रोपवाटिकेचे काम स्थानिकांना आणि दगड फोडणाऱ्या कुटुंबांना मिळावे. खोल कडांना भक्कम कठडे हवेत. उघड्या खडकावर माती व पालापाचोळा साचू द्यावा; शोभेच्या हिरवळीऐवजी मोह, पळस, उंबर लावावेत. पिंपळ तर खडकाच्या फटीतही मूळ धरतो.

सम्राट अशोकाने माणसांसाठी आणि पशूंसाठी वृक्ष लावल्याचे, विहिरी खोदल्याचे गिरनारच्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. आमचे माजी विद्यार्थी आज अभियंते, शिक्षक, महसूल कर्मचारी आणि ग्रामपंचायत सदस्य आहेत. गावाशेजारच्या खाणीचा प्रश्न त्यांनी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आणावा आणि पहिले रोप लावण्यापूर्वी प्रवेशाचा नियम लिहून घ्यावा, ही आमची विनंती आहे.