पालाची घडी

पाल बांधता येते असे छातीठोकपणे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. तीन वर्षांपूर्वीच्या आषाढीपर्यंत मीही त्यांतलाच एक होतो.

आजोबांच्या वेळी वैरागहून पंढरपूरला निघायचे म्हणजे दमणी जुंपायची. तिच्यावर तट्ट्याचे छप्पर असे. रात्री मुक्कामाला तेच घर. आता दमणी गेली आणि ट्रॅक्टरची ट्रॉली आली. मोहोळमार्गे सकाळी निघालेला माणूस दुपारी चंद्रभागेवर. पण ट्रॉलीला छप्पर नाही. म्हणून ताडपत्रीची एक कड तिच्या फाळक्याला बांधायची, दुसरी समोरच्या दोन वाशांवर चढवायची, तणावे ओढून मेखांना आवळायचे, की झाले पाल! परदेशात मोटारीमागे चाकांचे घर ओढत हिंडणारे हौशी लोक असतात, त्यांच्याकडेही हीच युक्ती. फरक एवढाच, की त्यांचे कापड घराच्या कडेला नळीवर गुंडाळलेले असते आणि ओढले की बाहेर येते. वारा-पाऊस मात्र त्यांनाही चुकलेला नाही.

ट्रॉली शेजारच्या तात्यांची. नदीपलीकडच्या ६५ एकरांच्या तळावर जागा मिळताच ते म्हणाले, ‘‘मास्तर, ट्रॉलीची पाठ मावळतीला करा. आखाडाचा वारा तिकडनंच येतोय. पालाचं तोंड उगवतीला.’’ एवढे सांगून ते दर्शनबारीला लागले आणि पाल बांधण्याचे काम माझ्या अंगावर आले.

मी बांधले. कसे बांधले? तर दोन्ही वासे फाळक्याच्या उंचीचे घेतले, म्हणजे बायकामाणसांना वाकावे लागू नये! छत कसे टेबलासारखे सपाट झाले. गाठी तर अशा मारल्या की बघत राहावे. प्रत्येक गाठ निरगाठ, वर आणखी एक फास. काकूंनी कौतुकही केले. तात्यांच्या सुनेने आपले चार महिन्यांचे लेकरू बाहेरच्या वाशाजवळ, वारा लागेल अशा ठिकाणी, गोधडीवर निजवले.

रात्री पाऊस आला. आमच्या सोलापूरकडचा आषाढ म्हणजे वारा फार आणि पाणी थोडे. पण त्या रात्री त्याने मन मोठे केले. छताला मधोमध पोट सुटले. दहा फूट बाय बारा फुटांच्या ताडपत्रीवर सरासरी एक सेंटिमीटर पाणी साठले तरी ते एकशे दहा किलो भरते, म्हणजे एका पोत्याहून अधिक. हा हिशोब मी नंतर, कोरड्या जागी बसून केला. त्या वेळी मी खालून हाताने पोट वर ढकलत होतो. पाणी एका बाजूने उतरण्याऐवजी दुसऱ्या बाजूला जमले, आणि जिथे जिथे हात लागला तिथून सुती ताडपत्री झिरपू लागली. तणावा सैल करावा म्हटले, तर अंबाडीचा दोर भिजून आखडलेला. निरगाठ दगडासारखी झाली होती. नखे तुटली, गाठ सुटेना.

काकू ओरडल्या, ‘‘लेकराला उचल गं आधी!’’

सुनेने लेकरू उचलून छातीशी धरले, आणि वासा मोडला. मोडलेले टोक गोधडीवर पडले. त्यामागोमाग सगळे पाणी. अकरा माणसांच्या दोन दिवसांच्या पिठाची खळ झाली, तिच्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही.

तात्या पहाटे आले. त्यांनी वासा पाहिला, गोधडी पाहिली, मग गाठ हातात धरून विचारले, ‘‘मास्तर, ही कुणी मारली?’’ मी गप्प. त्यांनी विळ्याने दोर कापला आणि तिथेच माझी शाळा भरवली.

त्यांना ही विद्या बाजाराच्या गावी गाडीला टेकून पाल ठोकणाऱ्या घिसाड्यांकडून मिळालेली. बाहेरचे वासे फाळक्यापेक्षा हातभर तरी आखूड हवेत. आणि त्यांतलाही एक दुसऱ्याहून वीतभर आखूड, म्हणजे सगळे पाणी एकाच कोपऱ्यातून पडते आणि तिथे घागर ठेवता येते. गाठ सुरगाठच मारायची, शेपूट ओढले की सुटणारी. अंबाडीचा दोर भिजला की आखडतो, म्हणून आभाळ दिसले तर निजण्यापूर्वी ढिला करावा. नायलॉनचा उलट सैलावतो, तो पुन्हा ओढावा. आणि वारा पालाच्या पोटात शिरू लागला तर धरून बसू नये, उतरवावे. उतरवताना आधी बाहेरचे तणावे आणि वासे, फाळक्याची कड सगळ्यांत शेवटी. ती आधी सोडली तर ताडपत्रीचे शीड होते.

एवढे शिकूनही मी दुसरी चूक केलीच. परतायच्या घाईत ओल्या ताडपत्रीची घडी घातली आणि घरी आल्यावर ती तशीच माळ्यावर टाकली. दसऱ्याच्या साफसफाईत उघडली तेव्हा घरभर कुबट वास सुटला. घडीघडीवर काळे ठिपके, आणि बोट लावले की कापड फाटे. नवी आणून दिली, हे सांगायला नकोच. आता घरी पोचताच ती आधी वाळूमाती झटकून भिंतीवर पसरतो, दुसऱ्या दिवशी उलटतो. शिवणीची जागा सर्वांत शेवटी वाळते. तिथे गाल लावून पाहावा, ओल हाताला कळत नाही पण गालाला कळते. घडी दर वेळी त्याच रेघेवर मोडत नाही. मेखा मोजून पोत्यात भरतो, कारण तळावर राहिलेली एक मेख दुसऱ्याच्या टायरात सापडते. प्लॅस्टिकची ताडपत्री कुजत नाही हे खरे, पण उन्हाने तडकते, आणि उंदराला दोन्ही सारख्याच.

दिवाळीच्या पाडव्यापासून दहा दिवसांनी कार्तिकी. पाल काढून ठेवले आहे. तात्यांच्या त्या नातवाला सध्या एकच नाद लागला आहे: मी खुंटीला सुरगाठ मारायची आणि त्याने शेपूट ओढून ती सोडवायची. काल दुपारी अकरा गाठी सुटल्या. बारावी काही केल्या सुटेना, तो रडकुंडीला आला. मी जवळ जाऊन पाहिले. निरगाठ होती.