सही आहे, साक्षीदार नाहीत. अशा मृत्युपत्राचे काय?

समजा, अपत्य नसलेल्या एका हिंदू विधवेने स्वतःच्या कमाईतून फ्लॅट घेतला. आजारपणात भाचीने तिचा सांभाळ केला. 'माझ्यानंतर हा फ्लॅट भाचीला द्यावा,' असे तिने डायरीत लिहून खाली तारीख घातली, सही केली. साक्षीदार घेतले नाहीत. तिच्या पश्चात भाचीला फ्लॅट मिळेल?

कायदा काय सांगतो?

भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नाव किंवा वर्णन चुकले, भाषा कायदेशीर नसली, तरी न्यायालय हेतू पाहून अर्थ लावते. साक्षीदारांची उणीव मात्र न्यायालयाला माफ करता येत नाही. युद्धमोहिमेवरील सैनिकांना यातून सूट आहे. मुस्लिम व्यक्तिगत कायद्याचे नियमही वेगळे आहेत.

म्हणजे डायरीतले ते पान निरुपयोगी ठरते. मग हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे तो फ्लॅट तिच्या पतीच्या वारसांकडे जातो. तिची इच्छा काय होती हे सगळ्यांना ठाऊक असले, तरी फरक पडत नाही.

इतरत्र काय होते?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या मोबाइलमधील, न पाठवलेला एक मेसेज मृत्युपत्र म्हणून मान्य केला. मालमत्ता भाऊ आणि पुतण्याला द्यावी, असे त्यात होते. हेच आपले मृत्युपत्र असावे असा मृताचा हेतू होता, याची खात्री पटली तर औपचारिक त्रुटी माफ करण्याचा अधिकार तिथला कायदा न्यायालयाला देतो.

भारतात हे हवे का?

मर्यादित स्वरूपात हवे. बनावट कागद पुढे येतील, हा आक्षेप रास्त आहे. सही करणारा माणूस साक्ष द्यायला हयात नसतो. पण दोन साक्षीदार असलेली मृत्युपत्रेही खोटी निघतात. संशयास्पद परिस्थितीचा खुलासा मृत्युपत्र मांडणाऱ्यानेच करायचा, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच स्पष्ट केले आहे. तीच कसोटी लावून, निदान स्वहस्ते लिहिलेल्या आणि सही केलेल्या कागदापुरता हा अधिकार न्यायालयांना द्यावा. मेसेज आणि व्हिडिओ तूर्त बाहेर ठेवावेत.

तोपर्यंत काय करावे?

- दोन साक्षीदारांसमोर सही करावी. त्यांनीही तिथेच, तुमच्यासमोर सह्या कराव्यात.
- ज्यांना मालमत्ता मिळणार आहे, त्यांना शक्यतो साक्षीदार करू नये. वयाने लहान साक्षीदार निवडावेत. पुढे त्यांची साक्ष लागू शकते.
- स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण केलेली बरी.

कायदा बदलायला वेळ लागेल. शेजारच्या दोघांना बोलावून सह्या घ्यायला एक संध्याकाळ पुरते.