मालाला मुदत, माणसाला काय?

परवा माझा एक जुना विद्यार्थी हायवेला गाडी लावून घरी आला. वीस वर्षं ट्रक चालवतो. चाकणला माल भरायचा, चेन्नईला उतरवायचा. चहा घेताना म्हणाला, "गुरुजी, पूर्वी नाक्यावर तासन्‌तास रांगेत जायचे. शिव्या घालायचो, पण डुलकी तरी लागायची. आता ढाब्यावर अर्धा तास थांबलो तरी मालकाचा फोन येतो, गाडी का उभी आहे?"

मंडळी, मी यंत्रांचा शत्रू नाही. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे करांचे नाके उठले. 2018 पासून ई-वे बिल आलं. 2021 च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला. टोलवरच्या रांगा कमी झाल्या. चांगलंच झालं. प्रश्न एवढाच, की वाचलेले हे तास गेले कुणाच्या पदरात? व्यापाऱ्याला माल लवकर मिळाला, मालकाची खेप वाढली. ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याची झोप तेवढी गेली.

ई-वे बिलाला मुदत असते. साध्या मालाला दर 200 किलोमीटरला एक दिवस. म्हणजे मालाचा वेळ मोजला जातो. माणसाचा? 1961 सालीच मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून आपसूक सुटला.

कुणी म्हणेल, रस्त्यावर तास मोजणार कोण? पूर्वी मला हे पटलं असतं. पण गाडी कुठे थांबली हे जीपीएसला मिनिटागणिक कळतं, तर ती सलग किती वेळ पळतेय हे कळत नाही? युरोपात ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं. साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती हा तिथला नियम, आणि तो पाळला की नाही याची नोंद ते यंत्र ठेवतं. तेव्हा यंत्राला दोष देऊ नका. त्याला काय मोजायला सांगायचं, हे माणसंच ठरवतात. आपण चालकाचा आळस मोजायला सांगितलं, थकवा नाही.

बोलता बोलता त्याला खुर्चीतच झोप लागली. वर्गात डुलकी काढली म्हणून याला मी कितीदा उभं केलं असेल! या वेळी उठवलं नाही. थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. मीच उचलला आणि सांगितलं, "चालक झोपलाय. गाडी तासाभराने निघेल."